पायाखालची माती

“पाय उचल,” वकिलीणबाई म्हणाल्या.

मी त्यांच्या फाटकाशी भाजीची टोपली उतरवत होते. वाटलं, पायाखाली काही पडलंय. उचलला. त्या वाकल्या, माझ्या पावलाखालची चिमूटभर माती घेतली, मीठ-मोहरीत मिसळली आणि माझ्या डोळ्यांदेखत तापाने फणफणलेल्या नातवावरून ओवाळून विस्तवात टाकली. आदल्या दिवशी मी त्याला “लय गोड आहे लेकरू” म्हटलं होतं. एवढाच माझा गुन्हा.

ताप उतरला. डॉक्टरचं औषध चालूच होतं, पण नजर माझीच लागली होती, असं ठरलं. मग तिवशाच्या त्या अख्ख्या कॉलनीला माझी माती लागायला लागली. कुणाची सून पडली, कुणाचं पोर नापास झालं, की “पाय उचल.” भाजी घेणं बंद, माती नेणं सुरू. मळ्यात वांगी सडत होती. मी विधवा बाई. मुकाट पाय उचलत राहिले. घरी येऊन पाय घासघासून धुवायची आणि स्वतःचाच राग राग करायची.

वकिलीणबाईंचा नातू पुन्हा आजारी पडला. वकीलसाहेबांनी मला देवळासमोर बोलावलं. सगळी कॉलनी जमलेली. कोर्टात उठताबसता पुरावा मागणारा हा माणूस मला म्हणाला, “बोल, मी नजर लावली, मी काढून घेते. विषय संपला. उद्यापासून तुझी भाजी घेऊ.”

बोलले तर धंदा परत. पण बोलले तर मी मरेपर्यंत चेटकीण, आणि माझी लेक चेटकिणीची लेक. तिला कोण दारात उभं करणार?

वकिलीणबाई माझ्या पायाशी वाकल्या. मी पाय उचलला नाही.

“काहून उचलू?” मी म्हणाले. “लेकराले दवाखान्यात न्या. मी नजर लावली नाही. अन् तसं म्हननार बी नाही.”

मला ढकललं. केस धरले. शिव्या दिल्या. ओळखीच्या बाया नुसत्या पाहत उभ्या होत्या. तशीच उठून मी पोलीस ठाण्यात गेले, तक्रार दिली.

आता वकीलसाहेबांचा माणूस घरी येतो. “मिटव ना बाई. साहेब घरी बोलावून माफी मागतील.”

“चेटकीन मले चारचौघात केलं,” मी म्हणते. “माफी काहून घरात?”

आणि चारचौघांत मागितली तरी तक्रार मागे घेणार नाही. माफी नकोच आहे मला. शिक्षा पाहिजे.