अकरा फोटो

घरचे तिला फोटोवाली म्हणत. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मोर्चा निघाला की घडीचं स्टूल काखोटीला मारून ही सगळ्यांच्या आधी चौकात हजर. अश्रुधुरासाठी ओला पंचा, खिशात बिस्किटं. दादा पोलिसात हवालदार.

"तुझ्या पेपराने मला एकदा तरी चांगला दाखवलाय का?" तो चिडवायचा.

"आधी पोट आत घे, मग बघू."

कॅमेऱ्याला डोळा लागला की तिला माणसं दिसतच नसत. दिसायचा तो उजेड, हात, चौकटीच्या कडा. त्या दुपारी तिथेच घात झाला. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांचा मोर्चा होता. रस्त्यात पडलेला एक म्हातारा, त्याच्यावर उगारलेली लाठी. तिने सलग अकरा फोटो काढले आणि पाचवा उभ्याउभ्याच ऑफिसला धाडला. सकाळी तो पहिल्या पानावर आला. साडेसातला वहिनीचा फोन.

"वन्सं, सख्खा भाऊ ओळखू आला नाही तुम्हाला?"

हिने पान पुन्हा उघडलं. हेल्मेटखाली चेहरा दिसत नव्हता, पण डावा खांदा पाडून उभं राहायची ती ढब लहानपणापासूनची.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची चौकशी होती. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली आणि नोकरीच जायची वेळ. वहिनी त्याच्या गणवेशाची एकच बाही तिसऱ्यांदा इस्त्री करत होती.

"ह्यांच्या साहेबांनी सगळे फोटो मागवलेत म्हणे. लाठी उगारलीय तोवरचे द्या ना. उगारली म्हणजे मारली असं थोडंच आहे?"

"तसे दहा आहेत."

"मग दहाच द्या. अकरावा ठेवा तुमच्या पोटात."

"वहिनी, मी आजवर ओळीतला एकही फोटो काढून टाकलेला नाही. कुणासाठीच नाही."

"आम्हीपण 'कुणी'च का?"

हिने कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर ओढली.

"आण इकडे," दादा म्हणाला. चष्मा लावून त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवला. अकराव्यात लाठी म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसलेली. तो मागे दहाव्यावर गेला, पुन्हा अकराव्यावर आला.

"मला वाटत होतं, मी नुसतं ढकललं," तो म्हणाला. "आईशप्पथ, तसंच वाटत होतं."

वहिनीची इस्त्री थांबली.

"कोण आहे हा?" दादाने विचारलं.

फोटोखाली नाव छापायचं म्हणून हिने सगळं विचारून ठेवलं होतं. "कारखान्यात लेथ मशीनवर होता, बत्तीस वर्षं. हाड मोडलंय. पुलापलीकडे राहतो."

"सगळे दे साहेबांना. आणि सकाळी मला त्याच्या घरी घेऊन चल. चौकशीच्या आधी."

"तो दारातूनच हाकलेल, दादा."

"हाकलू दे. त्याचा हक्क आहे."

वहिनीने गणवेश बाजूला ठेवला, कपाटातून त्याचा साधा पांढरा शर्ट काढला आणि इस्त्रीखाली पसरला.

"किती वाजता निघणार?" तिने विचारलं. "मीही येते."