चिखलदऱ्याचं कललेलं झाड आणि त्याचं खरं नाव

वीस वर्षांपूर्वी ते रोप मी शंभर रुपयांना विकलं होतं. गेल्या महिन्यात ते वाचवायला अकोल्याहून चिखलदऱ्याला गेलो, तर डिझेल आणि जेवणखाण धरून तीन हजार गेले. रविवारची गिऱ्हाइकं बुडाली ती वेगळीच.

चिखलदऱ्यात वानखडेभाऊंचं छोटं हॉटेल आहे. अंगणातलं उंच ‘ख्रिसमस ट्री’ माझ्या नर्सरीचं. भाऊंचा फोन आला की झाड जेवणघराकडं कललंय, मुळं सुटली असतील, सोमवारी तोडणारे येताहेत. मी म्हटलं, आधी मला पाहू द्या. सायकलवर रोपं विकत फिरलेल्या माणसाचं झाड त्या हॉटेलच्या पाटीवर छापलेलं आहे, अभिमान वाटणारच. आणि माझ्याकडून आजवर चुकीच्या नावाचं एक रोप गेलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगत आलोय.

अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता धरा. अंजनगावच्या पानमळ्यांपाशी गाडी थोडी हळू घ्या, बघण्यासारखे आहेत. परतवाड्याला माझी पोरगी अमरावतीहून एसटीनं येऊन थांबली होती. ती अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. कढीत बुडवलेला आलूबोंडा खाऊन, टाकी भरून घाट चढलो. पेट्रोल-डिझेल खालीच भरा, वर भरवसा नाही.

वानखडेभाऊ अंगणातच उभे होते. “भाऊ, झाड तुमचं, पन छत माहं हाय. पडलं तं कोन भरून देईन?”

मी बुंध्याभोवती उकरून पाहिलं. मातीला भेग नव्हती, मुळं घट्ट होती. भाऊंना पटेना. पोरीनं विचारलं, कोणत्या नावानं विकलं होतं? मी एका दमात सांगितलं: अरौकॅरिया हेटरोफिला, म्हणजे नॉरफोक पाइन. तिनं कागदासारखी सुटणारी साल चोळली, शेंड्याकडं पाहिलं, मोबाइलवर दिशा पाहिली. मग मला बाजूला घेतलं.

“बाबा, हे नॉरफोक असतं तं काळजी होती, ते सरळ वाढते. पन हे कुक पाइन हाय, अरौकॅरिया कॉलम्नॅरिस. याची जातच विषुववृत्ताकडं कलते. म्हंजे आपल्याकडं दक्षिणेकडं.”

लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात, देशभरच्या नर्सऱ्या फसतात, असंही ती म्हणाली. मला समजावण्यासाठीच असावं. भाऊ पाच पावलांवर उभे. गप्प राहिलो तर माझं नाव राहतं, झाड जातं.

तेवढ्यात फाटकापाशी माझ्याच हातचं, त्याच दिवशी दिलेलं दुसरं झाड दिसलं. तेही कललेलं, तिकडेच. मी भाऊंना फाटकात नेऊन दाखवलं. चिखलदऱ्यातला पावसाळी वारा पश्चिमेचा. त्यानं ढकललं असतं तर दोन्ही पूर्वेला गेली असती. दोन्ही दक्षिणेला कशी? मग मी झाडाचं खरं नाव आणि कलण्याचं कारण सांगून टाकलं.

“म्हंजे तुमी मले भलतंच झाड देल्लं?”

“हो. आणि भलतं होतं म्हणूनच वाचलं.”

भाऊ दोन्ही झाडांकडं आळीपाळीनं पाहत राहिले, मग तोडणाऱ्यांना फोन करून सोमवार रद्द केला. दर पावसाळ्याआधी बुंधा तपासायचा, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. नंतर त्यांनी रबडी खाऊ घातली. पैसे घेतले नाहीत, पण पोरीला प्रोफेसर मॅडम आणि मला नुसतं भाऊ म्हणत राहिले. ते मला रबडीहून गोड लागलं. मी दहावीच्या पुढं गेलो नाही. ती माझ्याच रोपांच्या पैशांवर शिकली, आणि एक मोठं झाड तिच्या शब्दावर उभं आहे. घाट उतरताना मागं वळून पाहिलं, तर शेंडा झाडांच्या वर दिसत होता, वाकडा आणि ऐटीत.

अकोल्यात आल्यावर नर्सरीच्या कुंपणाशी नॉरफोक म्हणून लावलेली माझी मोठी झाडं ओळंबा धरून तपासली. सगळी दक्षिणेला. रोपांवरच्या पाट्या आता बदलतोय. माझ्या नर्सरीत नॉरफोक पाइन एकही नाही.