मिठाच्या पुड्याची मागची बाजू

आप्पांच्या किडन्या निकामी झाल्यावर डॉक्टरांनी आधी मीठ तोडलं. आठवड्यातून दोनदा आप्पा बीडला डायलिसिसला जात आणि उरलेले दिवस ताटाशी भांडत. "ही भाजी हाय का चारा?" आई तरी तेच वाढायची.

मग आष्टीतल्या नव्या दुकानातून मी कमी सोडियमचं मीठ आणलं. पुड्यावर लालभडक हृदय आणि खाली इंग्रजीत गोड गोड मजकूर. तो मी सगळ्यांना मराठीत करून सांगितला. एरवी घरातही मोजकं बोलणारी मी, त्या दिवशी बोलतच सुटले. आप्पांनी भाजीवर ते मीठ भुरभुरून घेतलं, बोटं चाटली. "लई ब्येस. इंग्लिश शाळा आज कामी आली."

दोन आठवड्यांनी त्यांच्या पायातलं त्राण गेलं. बीडला नेऊन रक्त तपासलं तर पोटॅशियम भलतंच चढलेलं. "आणखी चढलं असतं तर हृदय बंद पडलं असतं. काय खाल्लं यांनी?" सिस्टरनी विचारलं.

सोबत आलेली आत्या आईवर उखडली. "शहाळं बंद हाय म्हनून सांगितलं होतं. तूच पाजलं असशील लाडानं."

"न्हाई वो वन्सं, देवाशपथ न्हाई."

मला माझ्या मिठाची शंका आली होती. तरी मी चपलांकडे बघत गप्प उभी राहिले.

डायलिसिस करून आप्पांना घरी आणलं. मी पुडा उलटा केला. मागे दुकानदाराचा किमतीचा स्टिकर होता. तो नखानं खरवडला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड, आणि त्याखाली, किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. हृदय तळहाताएवढं आणि ही ओळ एवढीशी! छापणाऱ्यांची किळस आली, स्टिकरवाल्याची आली, आणि पुढचं तेवढं वाचून मिरवणाऱ्या माझी सगळ्यांत जास्त.

बाहेर आत्याचं पुन्हा सुरू झालं होतं. मी पुडा तिच्यासमोर ठेवला. "शहाळं नाही, आत्या. हे. मी आणलेलं."

आप्पांनी खाटेवरून विचारलं, "तूच वाचलंतं ना गं?"

"पुढचंच वाचलं होतं."

मी सगळं मीठ मोरीत ओतलं. आई मागून येऊन म्हणाली, "पायाखाली येऊ देऊ नको, पाणी सोड वरून." मी तांब्यावर तांबे ओतत राहिले. नखातला चिकटा निघेना.

जेवताना आप्पांनी अळणी भाजी एक शब्द न बोलता संपवली. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी तिला चारा म्हणावं.