सुकीचा डोळा, चिमणचे पाय

चिमण चाक बसवतो आणि सुकी घाबरते, अशी त्या नवराबायकोच्या धंद्याची वाटणी आहे. तलासरीजवळ हायवेच्या कडेला, ताडपत्रीखाली त्यांचं पंक्चरचं दुकान. ट्रकचं चाक उचलणं हे एकट्याचं काम नव्हे, पण चिमणला कोण सांगणार! तो जमिनीवर बसतो, चाकाच्या दोन बाजूंनी पाय थेट ट्रकखाली पसरतो आणि चाकाखाली पहार घालून ते हळूहळू वर घेतो. त्याला समोर नुसतं रबर दिसतं. म्हणून सुकी वाकून चाकाच्या भोकाला डोळा लावते आणि पलीकडचा बोल्ट कुठे आहे ते सांगते. "जुळला" म्हणेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असतो.

उगाच नाही. तिचा भाऊ हाल्या असाच जॅक घसरून अधू झाला. आता अंगणात बसून कोंबड्या हाकलतो.

त्या दुपारी चिखल्याहून चिकू भरलेला ट्रक आला, पुढचं चाक पंक्चर होऊन बसलेलं. माल मऊ पडेल म्हणून ड्रायव्हरने नुसता धोशा लावला होता. जॅकखाली घालायची सागाची फळी पलीकडे चिखलात रुतून बसली होती. ती उपसायचा चिमणला कंटाळा. त्याने ताडाचा ठोकळा ओढला.

"ताड नको," सुकी म्हणाली. "वरून लोखंड, आत भुसा."

"ओढ्यावर ताडच टाकलाय ना? सगळा पाडा जातो त्याच्यावरून. ह्याला काय धाड भरली?"

पाडा चालत जातो, चिकूचे क्रेट घेऊन जात नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि ते तिथेच राहिलं.

ट्रक वर गेला, जुनं चाक निघालं. नवं चाक लावून चिमण बसला, पाय पसरले. सुकीने भोकाला डोळा लावला. बोल्ट बराच वर होता.

"वर घे."

"थांब, पहार सरकली. नीट लावतो."

ती थांबली. डोळा तसाच. आणि बोल्ट भोकात येऊ लागला. आधी त्याचं टोक, मग अर्धा. रोज ज्याची वाट बघायची तेच अगदी अलगद समोर येत होतं. "जुळला" हा शब्द सवयीने तिच्या जिभेवर आला.

पण चिमणने तर अजून चाक उचललंच नव्हतं.

चाक वर जात नव्हतं. ट्रक खाली येत होता.

"पाय काढ! चिमण, पाय!"

इतक्या मोठ्याने ती जन्मात ओरडली नव्हती. त्याने काही न विचारता पाय ओढले आणि अंग बाजूला टाकलं. ठोकळा कडाडला. ट्रकचं नाक धाडकन खाली आलं. चाक आडवं पडलं आणि त्याच्यामागचा लोखंडी ड्रम चिखलात वीतभर घुसला. तिथे मघाशी चिमणच्या नडग्या होत्या.

वर चिकू गडगडले. ड्रायव्हर शिव्या देत उतरला आणि बघून दोन पावलं मागे सरला.

चिमणला उठता येईना. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. सुकी चिखलात बसली आणि ड्रायव्हरच्या देखत तिने त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेतले.

"सुके," तो कसाबसा म्हणाला, "फळी आणायला हवी. सागाची."

"हां," ती म्हणाली. पण पाय काही तिने सोडले नाहीत.