करडी म्हणजे करडू न्हाय!

मंडळी, ऐका. मी कोल्हापूरची, लग्न होऊन खानापूरजवळच्या गावात आलेली. कन्नड येत नाही.

सकाळी शेजारच्या आक्का ओरडल्या, "करडी बंतु, करडी!" मला वाटलं, शेळीची करडं परसात शिरली. फोक घेऊन धावले.

वारुळापाशी अस्वल! तोंड खुपसून जोरजोरात फुरफुरत होतं.

"पोरी, हलू नगंस," मागून सासरे पुटपुटले. अस्वलानं मान वर केली, हवा हुंगली आणि रानात गेलं.

नंतर त्या आवाजाचं कारण मोबाईलवर शोधलं. या अस्वलांना वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ती वाळवी ओढून घेतात.

'करडी बंतु' म्हणजे अस्वल आलं, हेही आजच कळलं! बाकी कन्नड सावकाश शिकेन. आधी सगळ्या जनावरांची नावं सांगा बघू.