देवाने डावी दिली

देवाने मला ‘नाही’ म्हटलं होतं, आणि तेही अख्ख्या वाडीच्या देखत. आमच्या भागात कौल कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. राखणदाराच्या देवळात गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना तांदळाचे ओले दाणे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजव्या अंगाचा दाणा आधी पडला तर होकार, डाव्या अंगाचा पडला तर नकार. उजवी दिली, डावी दिली, एवढीच आमच्या देवाची भाषा. माझ्या वेळी दादा गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं, तोच डावा दाणा टपकन खाली. मी मनात म्हटलं, देवा, तू आहेस की नाहीस ते मला ठाऊक नाही, पण असलास तर समोरच्याचं ऐकून न घेता बोलणारा आहेस.

प्रश्न घोडीचा होता. रत्नागिरीत नवीन रेल्वे आली, किनाऱ्यावर मुंबईपुण्याची माणसं दिसू लागली, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी हातखंब्याला रिक्षा चालवायचो. एकदा मुरुडला गेलो असताना घोडागाडीतून फिरणारे पाहुणे पाहिले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. घरी येऊन रिक्षा विकली आणि देशावरून एक जुनी गाडी आणि एक घोडी आणली. तिचं नाव शांता. विकणाऱ्याने हे नाव चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं, हे मला आता आठवतं. घोड्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्याला पेट्रोल लागत नाही. लगाम म्हणजे हँडल, अशी माझी ठाम समजूत. ती चुकीची आहे हे शांताने पहिल्याच आठवड्यात माझ्या दंडाला चावून सांगितलं.

आमची वाडी सड्यावर आहे. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, दूरवर पसरलेला, झाड औषधाला नाही. घरापासून निघालं की थोड्या वेळात रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडे उतरून समुद्र, उजवीकडे हायवे. या फाट्याच्या कडेलाच कातळात एक माणूस कोरलेला आहे. पुरुषभर उंचीपेक्षा मोठा, हात अंगालगत सोडलेले, चेहऱ्याच्या जागी काही नाही. कुणी कोरला, कधी कोरला, कुणालाच माहीत नाही. वाडीत त्याला राखणदाराची सावली म्हणतात. माध्यान्हीला सगळ्यांच्या सावल्या पायाखाली जातात, तेव्हा सड्यावर तेवढी एकच सावली उरते. म्हणून भर दुपारी त्या फाट्यावर कुणी रेंगाळत नाही.

शांता नेमकी तिथेच अडायची. समुद्राकडे जायला डावी दोरी ओढली की मान वर, डोळे पांढरे, आणि मागच्या दोन पायांवर उभी. गाडीतली भाड्याची माणसं एकमेकांच्या मांडीवर. येताना मात्र त्याच फाट्यावरून गुमान घरी यायची. आता याचा अर्थ लावायला वाडीत माणसांची काय कमी? “जाताना अडता, येताना नाय. म्हणजे राखणदाराक तुझा जाणाच पसंत नाय,” असा निकाल लागला. किनाऱ्यावरही तोच प्रकार. सुरूच्या बनाच्या बाजूने वळवली तर वळायची, समुद्राच्या अंगाने वळवली की उधळायची. लोक म्हणाले, पाण्याला बुजते. एकाने सल्ला दिला की लगामाची तोंडातली लोखंडी कडी आणखी घट्ट आवळ. सल्ला फुकट असला की मी तो लगेच मानतो. कडी आवळली, तशी ती जास्तच पिसाळली.

पण खरी धडकी भरवली ती गवताच्या गोळ्यांनी. सकाळी गोठ्यात जावं तर तिच्या पुढ्यात आणि दारात गवताचे ओले, वळलेले गोळे पडलेले. लाडू वळावेत तसे. काहींवर लालसर ठिपके. मी बायकोला हाक मारली. तिने पदराचं टोक तोंडाला लावलं आणि म्हणाली, “अहो, हे जनावराचं काम नव्हे. कुणीतरी आणून ठेवतंय.”

कुणीतरी म्हणजे अर्थातच शेजारचा बाबल्या. आमचा बांधावरून जुना वाद. मी गावाबाहेरच्या एका जाणत्याकडून लिंबू भारून आणलं आणि बाबल्याच्या घरामागच्या परड्यात भिरकावलं. त्यानंतरही गोळे पडतच राहिले. उलट वाढले. शांता हाडाहाडांनी दिसू लागली. संध्याकाळी ती गोठ्यात मान एका बाजूला कलती करून उभी राहायची, कुणीतरी कानात काही सांगतंय आणि ती ऐकतेय अशी. मी आत गेलो की तशीच मान कलती ठेवून एका डोळ्याने माझ्याकडे बघायची. खरं सांगतो, मला माझ्याच गोठ्यात जायची भीती वाटू लागली.

मग एका दुपारी तिने भाड्याच्या माणसांतल्या एका लहान मुलीच्या हाताला दात लावले. मुलगी लाडाने तिचा गाल कुरवाळायला गेली होती. फ्रॉकची बाही फाटली, हात थोडक्यात वाचला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कौल लावायचा ठरला. दादा गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा राखणदारा महाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या हातून काय चुकलामाकला असात...” तर सगळी वाडी एरवीपेक्षा दुप्पट आवाजात, “होय महाराजा!” बाबल्याचा आवाज सगळ्यांत मोठा. “घोडी दारात ठेवची असात तर उजवी दे, काढची असात तर...” आणि दाणा पडला. डावा.

मी देशावरच्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला. तो टेम्पो घेऊन हातखंब्याला येणार होता. चावरी घोडी घेऊन तो काय करणार, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट बोलायची नसली की व्यवहार फार पटकन उरकतो. बायकोने निघताना शांताच्या कपाळाला कुंकू लावलं, हात लांबवून, चावा चुकवत, आणि घरात निघून गेली.

मी गाडी न जुंपता, नुसती दोरी धरून तिला चालवत निघालो. निघायला उशीर झाला आणि फाट्यावर पोचेपर्यंत माध्यान्ह झाली. ऊन इतकं की कातळ पांढरा दिसत होता. वारा पडलेला. मला उजवीकडे जायचं होतं आणि उजवीकडे ती कधीच अडत नसे. त्या दिवशी अडली. उधळली नाही, उभी राहिली नाही. फक्त थांबली, चारही पाय कातळात रोवल्यासारखी, कान पुढे, त्या कोरलेल्या माणसाकडे तोंड करून. मी ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी हातही जोडले.

“कौल लावलास मा?” मागून आवाज आला.

मी वळलो. एक म्हातारा, भर उन्हात खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला वाटलं, सड्यावर गुरं घेऊन फिरणारा कुणी धनगर असेल. पण गुरं कुठे दिसेनात.

“लावला,” मी म्हटलं.

“काय दिलीन?”

“डावी.”

“मग डावी बघलंस?”

“डावी म्हणजे नाही. त्यात बघायचं काय?” मी वैतागून म्हणालो.

तो हसला नाही. काठी खाली ठेवून सरळ शांताच्या डाव्या अंगाला गेला. मी ओरडलो, “अहो, तिकडून नको, फाडून खाईल!” त्याने तळवा तिच्या डाव्या गालावर ठेवला. नुसता ठेवला. आणि माझ्या दंडाचा, शेजाऱ्यांच्या धोतराचा आणि त्या पोरीच्या बाहीचा चावा घेतलेल्या त्या घोडीने डोळे मिटले आणि आपलं एवढं मोठं डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. तिच्या घशातून असा आवाज आला, जो मी जनावराचा कधी ऐकला नव्हता. माणसाचा मात्र ऐकलाय. खूप दिवस सहन केलेलं कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, तेव्हा निघतो तो.

“तोंडात बघ,” म्हातारा म्हणाला.

मी पुढे होऊन तिचा ओठ वर केला. एरवी बोटं गेली असती, पण तिने मान हलवली नाही. आत नीट दिसेना, पण डाव्या बाजूने घाण वास आला आणि माझ्या बोटाला लालसर लाळ लागली. गवताच्या गोळ्यांवर होती तशीच लाल. मी काहीतरी विचारायला मान वळवली, तर मागे कुणी नव्हतं. काठीही नव्हती.

सड्यावर माणूस लपत नाही हो. चालत निघालेला माणूस तिथे कितीतरी वेळ ठिपक्याएवढा दिसत राहतो. मी चारही बाजूंना बघितलं. नुसता कातळ आणि ऊन. शांताचे कान मात्र हळूहळू वळत होते. कुणीतरी तिच्याजवळून निघून सावकाश लांब जातंय आणि ती त्याची पावलं ऐकतेय, तसे. मग ते एकदम सैल पडले. 

हातखंब्याला मी गेलोच नाही. व्यापाऱ्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असेल, तर तो योग्यच होता. मी शांताला घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. खरं तर तिथे मी आधीच जायला हवं होतं. रिक्षा वळेना तर मी पहिल्यांदा चाक बघितलं असतं, घोडी वळेना तर थेट देव गाठला. डॉक्टरांनी तोंड उघडून बॅटरी मारली. डावीकडची वरची दाढ तुटलेली होती. तिची कड सुरीसारखी होऊन गाल आतून कापत होती, जखम पिकली होती, आणि डावी दोरी ओढली की कडी नेमकी तिथे रुतायची. चावता येत नाही म्हणून अर्धवट चघळलेलं गवत ती गोळे करून टाकत होती. “ही चावरी नाही हो, बिचारी ओरडत होती,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी तुकडा काढला, कडा कानशीने घासल्या, औषध दिलं आणि जखम भरेपर्यंत तोंडात लोखंड घालायचं नाही असं बजावलं.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “तुमची दाढ दुखत होती तेव्हा तुम्ही ताट भिरकावलं होतंत. तुम्हाला कुठे कुणी बाजारात नेलं?”  मग हळूच तिने विचारलं, “त्या म्हाताऱ्याला सावली होती का?” मी आठवून बघितलं. माध्यान्ह होती. सावली माझीही नव्हती. पावलांचे ठसे बघायलाही मी दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. पण कातळावर ठसे माझेही नव्हते. आसपासच्या वाड्यांत विचारलं, तसा धनगर कुणाच्या माहितीतला नव्हता. याच्यापुढे मी शोधलं नाही. बाबल्याकडे मात्र गेलो आणि लिंबाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, “ता लिंबू तुझा होता होय? आमी त्याचा सरबत केला. बरा रसाळ होता.”

शांता सुधारायला बरेच दिवस लागले. तोंड भरलं, अंग भरलं. आधी उजव्या बाजूने हात लावू दिला, मग एका सकाळी आपणहून डावा गाल माझ्या छातीला टेकवला. त्यानंतर कित्येक वर्षं तिने किनाऱ्यावर पोरं फिरवली, डावीकडूनही आणि उजवीकडूनही.

मी देवाला विचारलं होतं, ठेवू की काढू. त्याने माझ्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही. त्याने तिचं ऐकलं, आणि तिचं उत्तर मला दिलं. त्याच्याकडे शब्दच दोन, त्यातला जो लागू होता तो त्याने दिला, तोही घाईघाईने, गाऱ्हाणं संपायच्या आधी. नकार समजून रुसलो तो मी. तेव्हापासून कौल कसाही पडला तरी मी अर्थ लावायची घाई करत नाही. हात जोडतो आणि तो जिकडे दाखवतो तिकडे आधी बघून येतो.

एक गोष्ट राहिली. दाढ बरी झाल्यावर शांता त्या फाट्यावर अडायची बंद झाली, असं मी सगळ्यांना सांगतो. ते पुरतं खरं नाही. वळायला ती कधी अडली नाही, पण दर वेळी तिथे क्षणभर थांबायची. दुखत नसताना, दोरी सैल असताना. मान थोडी खाली करायची, डावा गाल पुढे, कुणीतरी हात लावावा म्हणून करतात तसा. मीही तेव्हा गाडीतून उतरून वहाणा काढायचो. पाहुणे विचारायचे, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, जरा थांबू. मग तिचे कान सैल पडायचे, आणि आम्ही डावीकडे वळायचो.