पदराखालचा सौदा

माझ्या दम्यामुळे सोयरिकी परत जायच्या आणि वडिलांच्या कापसाच्या जिनिंगमुळे पुन्हा यायच्या. शेवटी मीच सगळ्यांना चहा पाजून कायमचं वाटेला लावलं. वडील गेले, जिनिंग, जमीन, घर माझ्या नावावर आलं. कारभार मात्र काकांकडे राहिला. आणि टांगाही.

खरं दुखणं तो टांगा होता. नंदुरबारात कुणाचं बारसं असो की डोहाळजेवण, माझ्यावाचून पान हलत नसे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही माणसांवाचून करमत नसे. पण मी शालू नेसून तयार झाले की काका म्हणायचे, "आज घोडा थकलाय. तूही दमलीस. पड जरा." एकदा तर पलीकडच्या आळीतल्या मंगळागौरीलाही घोडा थकला! मेला माझ्यापेक्षा आजारी.

एका मार्गशीर्षात मी ठरवलं, सारंगखेड्याच्या जत्रेतून स्वतःची घोडी आणायची. घरी सांगितलं, दत्ताच्या दर्शनाला जाते. काका कसले सोडतात! "वाटेत काही झालं तर?" म्हणत तेही सोबत आले.

घोडेबाजारात एक तांबूस घोडी बघताक्षणी आवडली. व्यापारी तळोद्याकडचा. भाव विचारायला तोंड उघडलं, तर धूळ आणि घोड्यांचे केस नाकात जाऊन छातीत पिपाणीच सुरू झाली. शब्द फुटेना. काकांना तेच हवं होतं. "बोलवत नाही अन् निघाली सौदा करायला! चल घरी." डोळ्यांत टचकन पाणी आलं. आज रिकाम्या हातानं परतले असते, तर जन्मभर खाटेवरच पडून राहावं लागलं असतं.

तिथं भाव रुमालाखाली ठरतो, एकमेकांची बोटं धरून, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. पण परक्या बाईचा हात व्यापारी कसा धरणार? तो आपला लाजून घोडीलाच थोपटत बसला. त्याची म्हातारी आई शेजारीच मिस्री लावत होती. तिनं हात पुसले आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर पुढे ओढला.

"माय व! बोलाले दम लागस, बोटेसले नही. दे तुन्हा हात."

कापसाच्या बाजारातली ही बोटांची भाषा वडिलांनी मला लहानपणी खेळ म्हणून शिकवली होती. म्हातारीनं माझी चार बोटं धरली. मी तिची दोन धरली. तिनं चिमटा काढला, मग मीही काढला. "किती? किती म्हणतेय?" करत काका भोवती फिरत होते, वाकून बघत होते. आजवर माझं सगळं मला न विचारता ठरलं होतं. हे माझ्या हातात ठरत होतं. बाई गं, काय आनंद झाला! शेवटी म्हातारी हसली, मी कनवटीच्या नोटा पदराखालीच मोजून दिल्या आणि घोडीचा दोर माझ्याकडे आला.

त्या घोडीच्या जवळ मला कधी जाता आलं नाही, दहा हातांवरूनच शिंका सुरू. टांग्यात मी मागे तोंड करून, नाकाला रुमाल लावून बसायचे. पण एकही बारसं चुकवलं नाही.

काका मात्र शेवटपर्यंत विचारत राहिले, "अगं, कितीला घेतलीस ती?"

मी छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बोलवत नाही हो काका, दम लागलाय."